गेलेल्या माणसाचा हिशेब
(कोरेगाव येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



घरातले माणूस गेले की त्याच्या नावाने गावासाठी चार दिवस व्याख्याने ठेवावीत, ही रीत आपल्या मुलखात आता चांगली रुजली आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा व्याख्यान हे शहाण्यांचे आणि शहरांचे काम होते. आज तालुक्याच्या गावातही लोक संध्याकाळी जेवणे लवकर उरकून सतरंजीवर येऊन बसतात. ज्या कुटुंबाने आपल्या आप्ताच्या स्मरणार्थ हे व्याख्यान ठेवले, त्या कुटुंबाने मला विषयाचे बंधन घातलेले नाही. तरीही मी या निमित्तालाच विषय करणार आहे. आपण गेलेल्या माणसाचा सन्मान करतो तो नेमका कशाचा करतो, आणि त्याने मागे ठेवलेली शिकवण म्हणजे काय, एवढेच मला बोलायचे आहे.

आपल्याकडे माणूस गेल्यावर करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. माती, सावडणे, दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. त्यात अलीकडे पुण्यस्मरणाचे कीर्तन, चौकातला फलक, वर्तमानपत्रातली चौकट, शाळेला वह्या, एखादी क्रिकेटची स्पर्धा यांची भर पडली आहे. काही घरांत रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यावर आंब्याचे रोप लावतात, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. यातल्या कशालाही माझी हरकत नाही. दुःखाला हातपाय हलवायला काही काम लागते. हरकत आहे ती या सगळ्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेला. मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी, कुटुंबवत्सल ही विशेषणे लावलेले दोन फलक रात्रीतून अदलाबदल करून टांगले, तर सकाळी फोटो पाहिल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येईल का? ज्या शब्दांत माणूस ओळखू येत नाही त्या शब्दांतून त्याची शिकवण नातवाला कशी कळणार? माझे म्हणणे असे की शिकवण गुणांत सापडत नाही. ती निर्णयांत सापडते. अडचणीच्या वेळी या माणसाने काय ठरवले, त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, आणि त्या ठरवण्याची किंमत कोणी मोजली, एवढ्याची प्रामाणिक नोंद म्हणजे त्या माणसाचा सन्मान.

याला पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे गाव आपणांपैकी अनेकांनी सागरेश्वराला जाताना पाहिले असेल. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. २५ जानेवारी १८६२ रोजी या गावी कुर्लेकरांच्या घरात एक मुलगी जन्मली आणि अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, महादेव गोविंद रानड्यांची दुसरी बायको झाली. हीच रमाबाई रानडे. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशी लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा, आणि वडिलांचा हट्ट कुमारिकेशी करण्याचा. रानडे वडिलांपुढे नमले. ही गोष्ट रानड्यांच्या विरोधकांनी आयुष्यभर उगाळली. पण रानड्यांच्या निधनानंतर १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक जिने लिहिले, ती त्याच तडजोडीतून घरात आलेली मुलगी होती, आणि तिने ती तडजोड झाकली नाही. नवऱ्याबद्दलची तिची भक्ती पानोपानी दिसते. आजच्या वाचकाला ती थोडी जास्तही वाटेल. तरी ती सांगते की लग्न कसे ठरले, नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली तेव्हा घरातल्या बायकांनी तिला कसे छळले, आणि नवरा घरात तोंड उघडून भांडत नसल्यामुळे तो छळ तिला एकटीला कसा सोसावा लागला. रानड्यांच्या संयमाची कीर्ती देशभर होती. त्या संयमाची घरातली किंमत आपल्याला फक्त रमाबाईंमुळे कळते. आणि ती कळल्याने रानडे लहान होत नाहीत. उलट एक गोष्ट स्पष्ट होते: वडिलांपुढे हरलेला माणूस हरल्यावर स्वस्थ बसला नाही, हातात आलेल्या मुलीला शिकवणे एवढे त्याच्या हाती होते, ते त्याने चिकाटीने केले. ही शिकवण 'थोर सुधारक' या दोन शब्दांत मावली नसती.

दुसरा पुरावा साताऱ्याचाच म्हणता येईल. नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ मध्ये ते मुंबईत वारले. पुढे मुलाने, देवदत्ताने, वडिलांच्या चरित्रासाठी आईला, लक्ष्मीबाईंना, आठवणी लिहायला लावल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झाले. चरित्राचा कच्चा माल म्हणून सुरू झालेले लिखाण कोणत्याही चरित्रापेक्षा मोठे निघाले, कारण लक्ष्मीबाईंनी टिळकांना एकाही पानावर संत केले नाही. टिळकांचा राग, त्यांचे न सांगता घरातून निघून जाणे, हातात पैसा न टिकणे, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन बायकोला वाऱ्यावर सोडणे, सगळे आहे. लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात आणि त्या हसण्यातून हिशेब चुकता करतात. वाचून झाल्यावर टिळकांबद्दल आपल्याला चीड येत नाही, माया वाटते. टिळकांवर भाषणे पुष्कळ झाली असतील; ती आज कोण वाचतो?

आता मी ज्या उदाहरणासाठी ही दोन उदाहरणे आधी मांडली तिकडे येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव या सभागृहात वेगळे सांगायला नको. आपल्याच तालुक्यातल्या सातारारोडला कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांचा हात होता, ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. या वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले एका पंगतीला बसत. पंगतीचा स्वयंपाक कोण पाहत होते? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. कुंभोजच्या पाटील घराण्यातली, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली ही जैन मुलगी. त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचे पहिले हायस्कूल १९४० चे आणि पहिले कॉलेज १९४७ चे. यातले काहीही त्यांनी पाहिले नाही.

लक्ष्मीबाईंबद्दल आपल्यापैकी बहुतेकांना एवढेच ठाऊक असते, आणि त्यातही मंगळसूत्राचीच गोष्ट. जयंतीला, पुण्यतिथीला, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती सांगितली जाते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात. मला विचारावेसे वाटते की या गोष्टीतून मुले काय शिकतात. मुलगे शिकतात की थोर माणसाची बायको दागिने काढून देते. मुली शिकतात की आपण काढून द्यायचे असतात. ही लक्ष्मीबाईंची शिकवण नव्हे. हा आपल्या आळसाने केलेला त्यांचा अपमान आहे. मंगळसूत्र मोडणे हा शेवटचा दिवस होता. त्याच्या आधीची वर्षे कुठे गेली? सोवळ्यात वाढलेल्या बाईने पहिल्यांदा महाराच्या पोराला आपल्या हाताने वाढले तेव्हा तिच्या मनात काय चालले होते, माहेरच्यांनी काय म्हटले, एवढ्या मुलांचे धान्य संपले की ती कोणाच्या दारात जाई, नवरा गावोगाव फिरत असताना आजारी पडलेल्या पोरांपाशी रात्री कोण बसे, तिची स्वतःची मुले तेव्हा कशी होती? रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यासारखे या लक्ष्मीबाईंचे स्वतःचे पुस्तक आपल्या हातात नाही. म्हणून तिच्या आयुष्याचा जो भाग भाषणाला सोयीचा होता तो उरला. या प्रश्नांची उत्तरे हाताशी असती तर त्यांतून निघणारी शिकवण बरीच अवघड असती. ती अशी की महाराष्ट्रातली एक फार मोठी संस्था आरंभी एका घराच्या फडताळावर उभी होती, आणि समाजाने वेळेवर धान्य दिले असते तर त्या बाईला दागिने मोडावे लागले नसते. त्यागाची गोष्ट सांगताना आपण तो त्याग कोणामुळे करावा लागला हे वगळतो. वगळण्यात आपला फायदा आहे, कारण उत्तर आपल्यापाशी येऊन थांबते.

याच जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंग्याचे नाव देशभर घेतले जाते. पहिल्या महायुद्धात त्या गावाचे ४६ जवान कामी आले. त्या काळात सरकारने गावोगावी दगड बसवले. अशा दगडांवर बहुधा दोनच आकडे असतात: गावातून किती गेले आणि किती मेले. सरकारला आकडा पुरतो. घराला पुरू नये. पण आपल्या कित्येक घरांत पणजोबांबद्दल 'पलटणीत होते' याच्यापुढे एक ओळ सांगता येत नाही, आणि ते पलटणीत असताना शेत कोणी केले याबद्दल तर अर्धी ओळही नाही. याच्या उलट यशवंतराव चव्हाणांचे पाहा. तेही देवराष्ट्र्याचेच. वडील प्लेगात गेले तेव्हा ते अगदी लहान होते. आई विठाई निरक्षर. थोरल्या भावांनी घराचा भार उचलला म्हणून धाकट्याचे शिक्षण झाले. 'कृष्णाकाठ' १९८४ मध्ये आले. त्यात आईचे गुणगान थोडके आणि प्रसंग जास्त आहेत. मुलगा तुरुंगात असताना माफी मागितली तर सुटका होईल अशी गोष्ट निघते, आणि घरात पोराची गरज असताना ही बाई माफीला नकार देते. हा एक निर्णय सांगितल्यावर तिला 'वीरमाता' म्हणण्याची गरजच राहत नाही. भावांच्या कष्टांचीही नोंद तिथे आहे. राज्याचा पहिला मुख्यमंत्री झालेला माणूस आपल्या शिक्षणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे छापून ठेवतो, याला मी कृतज्ञता म्हणतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो सभ्यतेचा. गेलेल्या माणसाचे उणे काढू नये असे आपल्यात मानतात, आणि त्यामागे अर्थ आहे: तो उत्तर द्यायला नसतो. शिवाय खेड्यात एक वाक्य पुरते. भाऊबंदकीत आधीच बांधावरून कोर्टात गेलेली घरे आजोबांच्या एका आठवणीवरून पुन्हा पेटतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण दोष काढणे आणि किंमत नोंदवणे यांत फरक आहे. आजोबा तापट होते हे सांगून कोणाचे भले होत नाही. आजोबांनी थोरल्याला शाळेतून काढून शेतावर घातले आणि धाकट्याला शिकवले, हे सांगणे वेगळे. त्याने आजोबांची अडचण कळते, थोरल्याचे देणे कळते, आणि वाटणीच्या वेळी थोरला का अडून बसतो तेही कळते. माझा अंदाज असा की भाऊबंदकी न सांगितलेल्या हिशेबावर जास्त पोसली जाते. आणि लिहिलेले सगळे आजच छापले पाहिजे असे कोण म्हणतो? वही घरात राहू द्या. रानड्यांच्या मृत्यूनंतर रमाबाईंचे पुस्तक यायला नऊ वर्षे लागली, टिळकांनंतर 'स्मृतिचित्रे' यायला त्याहून जास्त. मधल्या वर्षांत राग निवतो.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी उदाहरणे मोठ्या किंवा लिहित्या माणसांची आहेत; आमच्या घरात कोण लिहिणार? नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' या १९९३ च्या पुस्तकाकडे पाहा. मुंबईत कष्टाची नोकरी करून निवृत्त झालेल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या बापाला मुलांनी आठवणी लिहायला बसवले, आणि त्या वह्यांवर ते पुस्तक उभे राहिले. मुलांनी आग्रह धरला नसता तर तो बाप हयातीतच मुका राहिला असता. आणि लिहिता न येणे हे तर कारणच नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या तेव्हा त्या लाखावर भरल्या. त्या रचणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. आईबाप, भाऊ, सासर, तिथले बोलणे, तिथले सोसणे सगळे त्यांनी पहाटे दळताना नोंदवून ठेवले होते. जाते गेले, पण आता खिशात मोबाईल आहे. म्हातारीपुढे तो ठेवून अर्धा तास गप्प बसायचे, एवढेच काम आहे. गप्प बसणे आपल्याला जमत नाही, हे मात्र कबूल करावे लागेल.

स्मरण दगा देते, हेही म्हटले जाते. देते. दोन भाऊ एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतात. मग दोन्ही लिहावेत, आणि कोणी केव्हा सांगितले ते खाली टाकावे. चित्रगुप्ताचे काम आपल्याकडे नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, आजोबांची शिकवण आजोबांच्या काळापुरती. त्यांनी दुष्काळ पाहिला, सावकार पाहिला. आम्ही हिंजवडीत संगणकापुढे बसतो. त्यांच्या निर्णयांचा आम्हाला काय उपयोग? याला उत्तर याच तालुक्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात इथल्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला, पण त्या कायद्याची बाजू आधी या हातांनी मांडली होती. त्यानंतर ४४ वर्षांनी, २०१६ मध्ये, पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा कोरेगाव तालुक्यातल्याच वेळूने जिंकली. तिथे चर खोदणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांच्या आज्या बहात्तरला खडीवर होत्या. म्हणजे तोच दगड, तीच टिकाव-पाटी, आणि निर्णय मात्र वेगळा: तेव्हा पोटासाठी सरकारच्या कामावर जाणे, आता पाण्यासाठी बिनमजुरीचे काम काढणे. बहात्तरला आधी काय विकले, बैल की सोने? गुरे कोणाकडे सोडली? पोरीची शाळा कधी सुटली आणि पोराची का नाही सुटली? नोकरी जाण्याचे भय वाटणाऱ्या कोणत्याही माणसाला हे प्रश्न परके नाहीत. अडचणीत आधी काय सोडायचे आणि कोणाचे काय सोडायचे, हा प्रश्न हिंजवडीतही येतो. उत्तर आजोबांसारखेच द्यावे असे मी म्हणत नाही. आजोबांचे चुकले होते असे ठरवायलाही आधी त्यांचे उत्तर माहीत हवे.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नोंद कितीही चोख असली तरी शिकवण कोणती हे शेवटी मागे राहिलेला ठरवतो. याचे सर्वांत मोठे उदाहरणही याच मातीतले. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, इथून जवळच. सावित्रीबाई नायगावच्या, खंडाळा तालुक्यातल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. त्या काळात हे बायकांचे काम नव्हते. नंतर त्यांनी 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' या काव्यातून नवऱ्याचे चरित्र सांगितले. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद घेतले आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांना स्वतःला प्लेग झाला. १० मार्चला त्या गेल्या. जोतीरावांनी हा प्लेग पाहिलेला नव्हता. त्याबद्दल ते काही सांगून गेले नव्हते. त्यांच्या आयुष्यातल्या निर्णयांवरून सावित्रीबाईंनी नव्या संकटातला निर्णय स्वतः काढला. नवऱ्याचे पुतळे उभारत बसल्या असत्या तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

आता कोरेगावकरांकडे माझे एक मागणे आहे. बहात्तरच्या दुष्काळात जे विशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांना विचारायचे ते या वर्षात विचारा; पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका. ज्यांच्या घरी पुण्यस्मरण येते आहे त्यांनी फलकाच्या खर्चातून थोडे वाचवून एक साधी चार पानांची पुस्तिका काढावी: गेलेल्या माणसाने घेतलेले तीन-चार निर्णय, त्यांचे साल, आणि ते कोणी सोसले त्यांची नावे. त्यात घरातल्या बायकांची नावे आली नाहीत तर पुस्तिका अपुरी समजा आणि पुन्हा लिहा. तालुक्यातल्या वाचनालयांनी अशा पुस्तिकांसाठी एक कप्पा रिकामा ठेवावा. आणि या व्याख्यानमालेच्या चालकांना विनंती अशी की पुढच्या वर्षी पहिला दिवस माझ्यासारख्या बाहेरच्या वक्त्याला न देता, ज्यांच्या नावाने ही माला चालते त्यांच्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला द्या आणि तिला हवे तेवढे बोलू द्या.